अर्धपोट, कष्ट आणि वजन: खटाव-माणचा दीडशे वर्षांचा इतिहास

कमी खाल्ले आणि अंगमेहनत वाढवली की वजन उतरते, हे विधान आज दवाखान्यात, व्यायामशाळेत आणि मोबाइलवरच्या व्याख्यानांत सारख्याच ठामपणे केले जाते. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव आणि माण या तालुक्यांत या विधानाची परीक्षा गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळ्या रूपांत होत आली आहे. पहिली परीक्षा दुष्काळाने घेतली. पुढे तालमींनी, एका संस्थानिकाच्या व्यायामप्रसाराने, रोजगार हमीच्या कामांनी आणि अलीकडे मधुमेहाने ती आपापल्या परीने घेतली. प्रत्येक वेळी उत्तर थोडे निराळे आले, आणि त्या निराळेपणाची कारणे समजून घेतल्याशिवाय मूळ विधान खरे की खोटे हे ठरवता येत नाही.

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण येरळा नदीकाठी वसले आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या कचेरीवर निघालेला मोर्चा आणि त्यात गोळीबाराला बळी पडलेले हुतात्मे यांच्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्याआधी आणि त्यानंतरही या भागाची खरी ओळख अवर्षणाचीच होती. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या खटाव-माणात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नसते. खरिपाची बाजरी, रब्बीचा शाळू, हुलगा, मटकी आणि शेरडे-मेंढरे यांवर इथला संसार चाले. भाकरी, पातळ कालवण, चटणी आणि कांदा हे रोजचे जेवण. नड आली की हुलग्याचे माडगे. कामे मात्र अंग मोडणारी: मोट, नांगरट, खुरपणी, सरपण आणि पाण्यासाठी मैलोगणती पायपीट. सुटलेले पोट हे अशा गावात मोजक्या सधन घरांतच दिसे, आणि ते आजाराचे नव्हे, सुबत्तेचे लक्षण मानले जाई.

१८७६ मध्ये पावसाने दख्खनवर पाठ फिरवली. साताऱ्याचा पूर्व भाग, सोलापूर, पुणे, नगर आणि दक्षिणेकडे कलादगी-धारवाडपर्यंतचा पट्टा त्यात होरपळला. सरकारने दुष्काळी कामे काढली: तलाव खोदणे, बांध घालणे, रस्त्यांसाठी खडी फोडणे. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव हा त्याच दुष्काळी कामांतून उभा राहिला. या कामांवर येणाऱ्या माणसाला किती द्यायचे, हा प्रश्न जानेवारी १८७७ मध्ये ऐरणीवर आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला मुंबई आणि मद्रास इलाख्यांत पाहणीसाठी धाडले. टेंपलने १८७४ मध्ये बिहारमधल्या टंचाईत मुबलक धान्य आणून मृत्यू जवळजवळ टाळले होते आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपकाही सोसला होता. या खेपेला त्याने हात आखडता घेतला. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, असा दर ठरला. इतिहासात तो ‘टेंपल शिधा’ म्हणून ओळखला जातो.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीतून ३३५ च्या आसपास उष्मांक मिळतात, म्हणजे या शिध्यातून दीड हजाराहून थोडे अधिक. अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि जमलीच तर मूठभर डाळ. सगळे मिळून सोळाशेच्या फार पुढे जाणे अवघड होते. आजच्या भारतीय आहारतज्ज्ञांच्या हिशोबाने जड काम करणाऱ्या पुरुषाला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात. त्या काळच्या किरकोळ अंगाच्या मजुराला त्याहून कमी पुरले असते असे धरले, तरी शिध्यातून गरजेच्या निम्मे-पाऊणच भागत होते. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात याहून जास्त मिळे. त्यातही हा दर एकट्या मजुरापुरता होता. घरी कामावर येऊ न शकणारी म्हातारी माणसे असली, तर त्याच भाकरीचे आणखी तुकडे पडत.

मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस स्वस्थ बसून कसाबसा जगेल, पण त्याच्याकडून खोदकाम करून घेतले तर तो खंगत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. डाळीसारख्या प्रथिनयुक्त अन्नाचा अभाव हाही त्यांचा आक्षेप होता. मुंबई इलाख्यात आवाज उठवला तो पुणे सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्रे लिहिली. मजुरांनी स्वतःही उत्तर दिले: कमी मजुरीवर घरापासून दूरच्या छावण्यांत जाण्याचे नाकारून हजारो लोक कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता, आणि दख्खनच्या सार्वजनिक जीवनात त्याला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. मद्रासेत पुढे दर वाढवावा लागला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यातून जन्मलेल्या दुष्काळ संहितेने काम आणि अन्न यांचे प्रमाण नियमांत बसवण्याचा प्रयत्न केला, तोवर लाखो माणसे गेली होती. बहुतेक जण निव्वळ उपासमारीने न जाता, खंगलेल्या शरीरावर पटकी, हगवण आणि ताप यांनी झडप घातल्यामुळे गेले.

खाणे निम्म्यावर आणि कष्ट दुप्पट, ही स्थिती लादली गेली की वजन उतरते, याबद्दल १८७७ नंतर शंका घेण्याचे कारण उरत नाही. पण त्या दुष्काळाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. वजन म्हणजे चरबी असे समीकरण भुकेल्या शरीरात टिकत नाही. आधी चरबीबरोबर स्नायू झिजतात, पुढे पाय आणि चेहरा सुजतो, आणि साठलेल्या पाण्यामुळे तराजू माणूस आहे त्यापेक्षा बरा असल्याचे दाखवतो.

टेंपल शिध्याशी आकड्यांनी जवळजवळ जुळणारा एक प्रयोग सदुसष्ट वर्षांनी अमेरिकेत झाला. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ पासून ३६ तरुणांवर अर्धउपासाचा अभ्यास केला. हे तरुण सदसद्विवेकाला स्मरून युद्धात लढण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते, आणि युद्धात उपाशी राहिलेल्या युरोपला पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून ते प्रयोगाला बसले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० उष्मांक देण्यात आले आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालायला लावण्यात आले. अखेरीस त्यांचे वजन सरासरीने जवळपास चौथ्या हिश्शाने घटले. मात्र घट सरळ रेषेत झाली नाही. सुरुवातीला भराभर उतरणारे वजन पुढे हळूहळू उतरत स्थिरावले, कारण शरीराने खर्च आखडला होता: नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, हालचाल नकोशी झाली, आणि स्वस्थ पडलेल्या शरीराचा ऊर्जाव्यय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. निर्बंध उठल्यावर हे तरुण पोट भरूनही खात राहिले, आणि काही महिन्यांत त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सारे दोन खंडांत प्रसिद्ध केले.

वजनाच्या प्रश्नाचे मर्म इथे सापडते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा रोज ५०० कमी खाल्ले की पंधरा दिवसांत एक किलो उतरेल, असा त्रैराशिकाचा हिशोब १९५८ मध्ये मॅक्स विशनॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरच्या लेखापासून रूढ झाला आणि अजून तक्त्यांवर छापला जातो. या हिशोबात शरीराचा खर्च कायम धरलेला असतो. प्रत्यक्षात आवक घटली की खर्चही घटतो आणि भूक वाढते. दुष्काळी छावणीत वाढलेल्या भुकेला काही अर्थ नव्हता, कारण खायला दुसरे काही नव्हतेच. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे, त्याच्या बाबतीत हीच भूक निर्णायक ठरते.

व्यायामाचा या भागातला इतिहास तर वजन घटवण्याच्या नेमक्या उलट्या बाजूने सुरू होतो. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या तालमींत पोरगा घातला जाई तो अंग भरावे म्हणून. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीतली लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि त्याच्या जोडीला खुराक: दूध, तूप, बदाम घालून घोटलेली थंडाई, ऐपतीप्रमाणे मटण. खुराकाशिवाय मेहनत केली तर पोर वाळते, हे वस्तादाला पाठ असे. गरीब घरच्या मल्लाच्या दुधासाठी घरची म्हैस राखून ठेवली जाई, गाव वर्गणी काढी, संस्थानिक आश्रय देत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या जत्रांतून फड रंगे आणि वजनाने भारी मल्लाला मान मिळे. गावच्या मातीतल्या कुस्तीत जोड लावताना काट्यावरच्या वजनापेक्षा पंचांची नजर चाले.

ऑलिंपिकमध्ये वजनगटांशी गाठ पडली, तेव्हा या परंपरेचा एक अस्सल नमुना जगाने पाहिला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षे त्यांनी मेहनत वाढवली, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मेहनत वाढली आणि गट वरचा झाला. व्यायाम खर्च वाढवतो तशी भूकही वाढवतो, आणि त्या भुकेला चांगले अन्न मिळाले की स्नायू चढतात, हे तालमीच्या जुन्या अनुभवाला धरूनच होते. त्याच अनुभवाची दुसरी बाजू गावोगाव दिसते: कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, आणि चाळिशीच्या आत पैलवानाचे पोट पुढे येते.

खटाव तालुक्यातल्याच औंधला व्यायामाचा वेगळा विचार उभा राहिला. औंध हे बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले संस्थान. वडूज ब्रिटिश मुलखात आणि औंध पंतप्रतिनिधींकडे, अशी तालुक्यात सरमिसळ होती. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१), सर्वांचे बाळासाहेब, हे चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे कट्टर भक्त होते. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या गाजलेल्या बलोपासकाची साधने आणि पुस्तके मागवून जवळपास दहा वर्षे त्याच्या पद्धतीने मेहनत केली. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी ते सोडले नाहीत. दंड काढण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी. समर्थ रामदासांशी परंपरा तिचा संबंध जोडते. बाळासाहेबांनी तिला दहा ठरावीक स्थितींचा क्रम, श्वासाची शिस्त आणि बीजमंत्र यांची जोड देऊन सर्वांना करता येईल असा व्यायाम घडवला, आणि संस्थानच्या शाळांत मुला-मुलींसाठी तो सुरू केला. मुलींना शाळेत नमस्कार घालायला लावणारा राजा त्या काळात दुर्मीळच होता. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ पासून तीन दशके औंधला राहिले; त्यांनीही आसने आणि सूर्यनमस्कार यांवर लेखन करून हा प्रसार पुढे नेला.

१९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले, तेव्हा ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लुईझ मॉर्गन या लेखिकेने त्यांच्याविषयी लिहिले. तिच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक लंडनहून निघाले, आणि खटाव तालुक्यातल्या वाड्यात रुजलेला व्यायाम इंग्रज गृहिणींच्या दिवाणखान्यात पोचला. पुस्तकात आहारालाही जागा होती: असडीक तांदूळ, कच्च्या भाज्या, चहा-कॉफी वर्ज्य. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत, पुढे भारताचे राजदूत, यांनी १९७० मध्ये सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

बाळासाहेबांचा मुख्य दावा वजनाचा नव्हता. पचन, फुप्फुसे, पाठीचा कणा, चपळाई आणि म्हातारपण लांबवणे यांसाठी त्यांनी नमस्कार सांगितले, आणि हा संयम त्यांच्या आजच्या अनेक वारसदारांनी बाळगलेला नाही. अलीकडच्या मोजमापानुसार ६० किलो वजनाच्या माणसाचे अर्धा तास सूर्यनमस्कार घालून सुमारे २३० उष्मांक खर्च होतात. सत्तर ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी जवळपास तेवढे परत देते. कसून घातलेल्या नमस्कारांनंतर एखादी भाकरी जास्त जाणे यात नवल काहीच नाही. आहार न बदलता केलेल्या व्यायामाने वजन सरासरीने दोन-तीन किलोंपलीकडे उतरत नाही, असे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक लोकांवर हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे आढळले, की दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण दैनिक ऊर्जाव्यय, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, बैठी कामे करणाऱ्या अमेरिकनांपेक्षा वेगळा नव्हता. शरीर एका खात्यातला वाढलेला खर्च दुसऱ्या खात्यात वाचवते. रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, स्नायूंची ताकद आणि हृदय यांना व्यायामाचा जो लाभ होतो, तो मात्र वजन तसूभर न हलताही होतो. औंधच्या राजाने जे मागितले ते व्यायाम देतो. जे मागितले नाही ते फारसे देत नाही.

१९७२ चा दुष्काळ हा या इतिहासातला पुढचा टप्पा. ओळीने पावसाने दगा दिल्यावर खटाव-माणात पुन्हा तीच दृश्ये दिसली: ओस पडलेली शिवारे, छावणीत नेलेली जनावरे, खडी फोडणाऱ्या बायका. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या कामांची मजुरी मोजमापावर मिळे. १८७७ शी बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या स्थितीत एक मोठा फरक होता. अन्न येत राहिले. परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, रेशनवर मिळत होता, चवीला नकोसा असला तरी. कामावर गूळ-पिठाची सुकडी वाटली जात होती. मजुरी रोख हातात पडत होती. लोकांचे खाणे घटले, अंगे वाळली, पण मृत्यूंचे थैमान झाले नाही. मजुरीच्या या कामांमागची कल्पना शेजारच्या सांगली जिल्ह्यातली होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास मागेल त्याला काम या तत्त्वावर योजनेचा पहिला प्रयोग केला होता. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. टेंपलने माणसाला जगायला कमीत कमी किती पुरेल हे विचारले होते, पाग्यांनी माणसाचा कामावरचा हक्क मांडला, आणि त्याचा परिणाम मजुरांच्या अंगावर दिसला.

त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत इथल्या ताटाचा आणि कष्टांचा तोल बदलत गेला. हा बदल दुष्काळासारखा एका वर्षात झाला नाही, म्हणून त्याची तारीख सांगता येत नाही. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर, पायवाटेच्या जागी मोटारसायकल. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागांतली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली आणि शेतातली माणसे भट्टीशेजारी व दुकानात बसती झाली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांची मुले कचेऱ्यांत लागली. उरमोडी, टेंभू यांसारख्या सिंचन योजनांचे पाणी काही भागांत पोचले आणि जिथे हुलगा होई तिथे ऊस उभा राहिला. रेशनचा गहू-तांदूळ, स्वस्त गोडेतेल, साखर, बेकरीचे पाव आणि एसटी स्टँडवरचा वडा हे रोजच्या खाण्यात शिरले. महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्रियांत सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल होत्या, असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले आहे. उपासमारीची आणि अतिपोषणाची लक्षणे एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, शेजारी नांदत आहेत.

या दोहोंचा संबंध उलगडण्याचे मोठे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी होती. पण त्यांचे स्नायू आणि अवयव जितके कमी भरले, तितकी चरबी कमी नव्हती. बारीक अंगाची पण चरबी राखून असलेली ही ठेवण मोठेपणी मधुमेहाला वाट करून देते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक बोलके छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या मुलखाला हे निष्कर्ष विशेष लागू पडतात. उंचीच्या मानाने वजन योग्य असलेल्या माणसालाही इथे मधुमेह गाठतो, आणि नुसता वजनकाटा बघून त्याला निरोगी ठरवले जाते.

मधुमेहाच्या भीतीनेच वजन घटवण्याची चळवळ मराठी घराघरांत शिरली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असा कार्यक्रम दिला. व्याख्यानांतून आणि समाजमाध्यमांतून तो तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. थोड्या थोड्या वेळाने खावे असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या मताशी त्याची तुलना होऊन २०१८ च्या सुमारास मोठा वाद रंगला. खाण्याच्या वेळा कमी केल्या की अधूनमधूनचा चहा-बिस्किट आणि फरसाण सुटते, एकूण खाणे घटते आणि वजन उतरते, यात संशय नाही. मात्र जेवणाच्या वेळा आखडून किंवा रोज थोडे थोडे कमी खाऊन वजन घटवण्याच्या पद्धतींची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोन्हींचे फळ साधारण सारखेच निघाले. कोणती पद्धत यापेक्षा ती किती दिवस पाळली जाते याला महत्त्व आहे.

काटेकोर चाचण्यांतले आकडे हेच सांगतात. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ या चाचणीत २१८ जण होते. त्यांतल्या प्रयोगगटाला दोन वर्षे २५ टक्के कमी खायला सांगितले होते. तज्ज्ञांची सततची मदत असूनही त्यांना सरासरीने १२ टक्क्यांच्या आसपासच जमले, आणि वजन सुमारे १० टक्के उतरले. मधुमेहींवरच्या ‘लुक अहेड’ या दीर्घ अभ्यासात पहिल्या वर्षी ८.६ टक्के घट झाली, अखेरीस ती ६ टक्क्यांवर आली. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन घटवलेल्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरके वर्षानंतरही चढीच होती. म्हणजे कमी खाणे आणि हालचाल यांनी वजन उतरते. बहुतेकांचे ते अपेक्षेपेक्षा कमी उतरते आणि काही वर्षांत बरेचसे परत येते. हा स्वभावाचा दुबळेपणा मानून माणसाला दोष देणे चुकीचे आणि अन्यायाचे आहे. कीज यांच्या निवडक, ध्येयवादी तरुणांचीही भुकेपुढे तीच गत झाली होती.

भारतीयांसाठी सर्वांत मोलाचा आकडा चेन्नईचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात तो ३९.३ टक्क्यांना झाला. या दुसऱ्या गटाचे वजन लक्षणीय घटलेच नव्हते. वजन उतरले नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्या माणसाला सांगावी अशी ही माहिती आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात ती क्वचितच सांगितली जाते.

२०२१ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाच्या मोठ्या चाचणीने चर्चेला नवे वळण दिले. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. त्यांच्याइतकाच आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्या पण औषध नसलेल्यांचे २.४ टक्के. औषध भूक कमी करते. ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. २०२५ पासून या प्रकारची वजन घटवणारी औषधे भारतीय बाजारात मिळू लागली आहेत. खटाव-माणातल्या बहुतेक कुटुंबांना ती वर्षानुवर्षे विकत घेणे परवडणारे नाही.